मोठेबाबा, ‘सापडली’ म्हणजे ‘बनवली’ नव्हे

रविवारी सकाळी सकाळी मोठेबाबांचा फोन आला. “तुनं पऱ्हाटीले जे कार्डं लावले होते ना, ते म्या काढून चुलीत टाकले. व्हॉट्सॲप पाय.”

कार्डं म्हणजे पऱ्हाटीतली, आपल्या कपाशीतली बोंडअळी मारायला लावलेली बारीक माश्यांची कार्डं. व्हॉट्सॲप पाहिलं. ‘परदेशी लॅबमध्ये एका झटक्यात 403 नव्या गांधीलमाश्या तयार. जिवंत शरीरात अंडी घालतात. त्याच कार्डाच्या नावाखाली तुमच्या शेतात सोडतात. जनावरं, लेकरं सांभाळा. हे शास्त्रज्ञ माश्यांना नाचणाऱ्या बायांची नावं देतात आणि आज दिलेलं नाव उद्या बदलतात. पुढे पाठवा.’ गावातल्या तीन ग्रुपवर तेच फिरत होतं.

403 हा आकडा खरा आहे. 2021 मध्ये ‘झूकीज’ या नियतकालिकात कोस्टा रिकाच्या जंगलातल्या परजीवी, म्हणजे दुसऱ्या किड्यांत अंडी घालणाऱ्या, गांधीलमाश्यांच्या तेवढ्या नव्या जातींचं वर्णन एकाच लेखात आलं. पण जातीचं वर्णन करणं म्हणजे आधीपासून जगत असलेल्या जिवाला नाव आणि ओळख देणं. पोराचं नाव बारशाला ठेवलं म्हणून ते बारशाला जन्मलं का? त्या लेखावर टीकाही झाली, आणि ती वर्गीकरण करणाऱ्यांनीच केली. बहुतेक जातींची ओळख म्हणून डीएनएचा एक छोटा तुकडा आणि फोटो, एवढंच दिलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्यानं ती जात ओळखायची कशी? मलाही ती घाईच वाटते. पण भांडण ओळख नीट लिहिली की नाही याचं आहे, माशी बनवल्याचं नाही.

नाचणाऱ्या बाईचं म्हणाल, तर इक्वेडोरमधल्या एका जातीला 2014 मध्ये शकिराचं नाव दिलं. तिनं पोखरलेली अळी कंबर हलवल्यासारखी वळवळते म्हणून. बरं, मग?

आता चुलीत गेलेल्या कार्डाकडे येतो, कारण राग त्याचाच आहे. त्या कार्डावर तांदळातल्या पतंगाची वीसेक हजार अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा नावाचा बारीक परजीवी वाढत असतो. अंडं काळं पडलं की समजायचं, आत तो आहे. बाहेर येतो तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ही सुद्धा गांधीलमाशीच्याच गोतातली, पण तिची सोंड म्हणा, नांगी म्हणा, पतंगाच्या अंड्यात घालण्यापुरतीच. गाईच्या कातड्यावर ती काय करणार? हां, याच गोतातली एक लांब कमरेची, तांबूस माशी रात्री दिव्यावर येते, ती मुठीत दाबली तर डंख मारते. मग दाबू नका.

गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की वरची फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ती अंड्यातच मारायची, त्यासाठी ट्रायकोग्रामाचाच भाऊबंद, ट्रायकोग्रामाटॉइडिया बॅक्ट्री, एकरी तीन कार्डं. कार्ड जाळलं की उरतो पाठीवरचा पंप. 2017 ला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं मेली. लेकरं सांभाळा म्हणणाऱ्यानं तेवढं आठवावं.

नाव बदलतात, हेही खरं. पिठ्या ढेकणानं कपाशी पांढरी केली होती, आठवते? त्याला आतून खाणारी एक बारीक माशी सापडली. अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी 2009 मध्ये ती नवी जात म्हणून नोंदवली, एनासियस बंबावालेई. 2014 मध्ये कळलं की अमेरिकेतून 1915 मध्ये वर्णन झालेली एनासियस ॲरिझोनेन्सिस ती हीच. म्हणजे नवी नव्हतीच, चूक झाली होती. पण त्या दुरुस्तीतून काय कळलं बघा. पिठ्या ढेकूणही मूळचा अमेरिकेचाच, म्हणजे चोर आणि शिपाई एकाच गावचे निघाले. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गाजरगवतावर फुगलेला, तपकिरी, पाठीला गोल भोक पडलेला पिठ्या ढेकूण दिसला तर ते काम बहुतेक याच माशीचं. नाव जुनं घ्या की नवं, भोक तेच.

दोन कार्डं जाळायची राहिली होती. मोठेबाबांनी ती पन्नीत गाठ मारून गोठ्यात टांगून ठेवलेली. संध्याकाळी गेलो तर पन्नीच्या आतल्या बाजूनं धुळीसारखे ठिपके चालत होते. फॉरवर्डमधला फोटो अंगठ्याएवढ्या गांधीलमाशीचा आहे. पन्नी पऱ्हाटीत नेऊन सोडली. मोठेबाबा तोंडाला दुपट्टा बांधून धुऱ्यावरून पाहत होते.

“निंगाले का?”

“निघाले.”

“मले तं काईच नाई दिसलं बाप्पा.”