खटारा वाचवा: नाशिककरांसाठी मार्गदर्शन

जुन्या काळीपिवळ्या, दार दोरीनं बांधलेल्या मिनीबस आणि पाच-पाच सवाऱ्या कोंबणाऱ्या शेअर रिक्षा हटवाव्यात, त्यांच्या जागी धड बस आणाव्यात, असं अधूनमधून कुणीतरी बोलतं. तुम्ही घाबरू नका. नाशिककरानं मनावर घेतलं तर कुठलीही सुधारणा रोखता येते. फक्त पद्धतशीर काम करायला हवं.

आधी गाडीवाल्याचा हिशोब समजून घ्या आणि तो कुणाला सांगू नका. त्याला पैसे मिळतात सीटमागे. फेरीमागे नाही, वेळेवर पोचण्याबद्दल तर नाहीच. म्हणून द्वारका चौकात तो "नाशिकरोड, नाशिकरोड, एकच सीट!" असं ओरडत उभा असतो आणि ती एकच सीट तिघं येऊन बसले तरी शिल्लकच राहते. तुम्ही आत, गुडघे हनुवटीला लावून, दुसऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन. तो बाहेर, तंबाखू मळत. मग गाडी भरते आणि तीच गाडी नाशिकरोडच्या बिटको चौकाच्या दिशेनं अशी सुटते की विचारू नका, कारण पुढच्या गाडीच्या आधी रस्त्यातली सवारी उचलायची असते. अर्धा तास थांबणं आणि मग जीव घेऊन पळणं, दोन्हींचं कारण एकच. हे लोकांना कळलं तर ते ड्रायव्हरला शिव्या देणं सोडून पद्धत बदला म्हणतील. तेव्हा शिव्या ड्रायव्हरलाच देत राहा. कोलंबियातल्या बोगोटात हाच तमाशा चालायचा. 2000 साली त्यांनी मोठ्या रस्त्यांवर बसला वेगळी मार्गिका दिली, तिकिटाचा पैसा एका जागी जमा करायला सुरुवात केली आणि बसवाल्याला धावलेल्या किलोमीटरचे पैसे दिले. सवारीसाठी झोंबाझोंबी करायचं कारणच उरलं नाही. दक्षिण कोरियातल्या सोलनं 2004 मध्ये असंच केलं. ही माहिती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊ देऊ नका. तिथं सुविचार बरे.

कुणी चिकित्सक म्हणेल, आपल्याकडेही ठेकेदाराला किलोमीटरनंच पैसे मिळतात. खरं आहे. 8 जुलै 2021 ला महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली ती याच पद्धतीवर. त्याआधी शहराची बस एसटी चालवायची. पण पद्धत अर्धीच उचलायची, हे आपलं कौशल्य. ठेकेदाराचे किलोमीटर मोजायचे आणि वाहकाच्या पगाराची तारीख देवावर सोडायची. पगार थकला म्हणून वाहकांनी काम थांबवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. अशा सकाळी अंबडला पहिल्या पाळीला निघालेला माणूस त्रिमूर्ती चौकात बसची वाट बघतो आणि समोरून आपला खटारा येतो. बंद पडलेल्या बसइतकी खटाऱ्याची जाहिरात दुसरं कुणी करत नाही.

आकडेमोडीपासून मात्र लांब राहा. केंद्राच्या निकषात दर हजार माणसांमागे 0.6 बस असतील तर सेवा पहिल्या दर्जाची, 0.2 पेक्षा कमी म्हणजे सगळ्यात खालची पायरी. 2011 च्या जनगणनेत शहरात 14.86 लाख माणसं होती. म्हणजे तेव्हाच्या माणसांनाच 890 च्या आसपास बस लागल्या असत्या. सिटीलिंकचं नियोजन झालं अडीचशेच्या घरात. भागाकार करू नका, सगळ्यात खालची पायरी लागते.

तरी कुणी बस मागितलीच, तर त्याला मेट्रो द्या. हा उपाय सहसा फसत नाही. फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी 2,092 कोटी रुपयांची घोषणा झाली. रबरी टायरची, डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारी, खांबांवरच्या रस्त्यानं गंगापूरहून नाशिकरोडला जाणारी निओ मेट्रो. बारकाईनं बघितलं तर ही लांबलचक बसच, फक्त उंचावरची. म्हणूनच ती आपल्याला आवडली. जमिनीवरून धावणाऱ्या बससाठी एक पट्टा रंगवावा लागतो, दोन गल्ल्यांतलं पार्किंग उठवावं लागतं, त्यात नगरसेवकाचा मेहुणाही दुखावतो. खांब न दिसणाऱ्या मेट्रोनं कुणीच दुखावत नाही.

नफ्याचा प्रश्न नेहमी तयार ठेवा. "बस तोट्यात आहे" हे वाक्य चहाच्या टपरीपासून महासभेपर्यंत कुठंही चालतं. मुंबई नाक्यावरच्या उड्डाणपुलानं यंदा किती कमावले, असं उलट कुणी विचारलं तर विषय द्राक्षांच्या भावावर न्या.

खरा धोका आहे कुंभमेळ्याचा. 2015 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी खासगी गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवल्या आणि भाविकांना पुढे एसटीच्या बसनं आणलं. भाविकांना बरंच चालावं लागलं, तक्रारीही झाल्या, पण गाड्या बाहेर ठेवून बसला रस्ता मोकळा करता येतो, हे याच शहराच्या रस्त्यांवर दिसलं. आता 2027 मध्ये पुन्हा तेच होईल. तेव्हा एखादा पोरगा विचारेल की साधूंसाठी चार दिवस जमतं तर आईला सिव्हिल हॉस्पिटलला न्यायला एरवी का जमत नाही? त्याला सांगा, ते दैवी नियोजन असतं.

गाडीवाल्यांना आपल्या बाजूला ठेवायचं असेल तर एक नामी युक्ती आहे, आणि ती उपहासानं नाही, मनापासून सांगतो, कारण ती हमखास लागू पडते. जुनी गाडी भंगारात काढा म्हणायचं आणि नव्या गाडीच्या कर्जाचा डोंगर त्याच्याच डोक्यावर ठेवायचा. फिलिपिन्सनं 2017 पासून जीपनी, म्हणजे तिथल्या जुन्या शेअर गाड्या, बदलायला घेतल्या तेव्हा चालक संपावर गेले ते याच कर्जापायी. तो सुधारणेच्या विरोधात नसतो हो, हप्त्याच्या विरोधात असतो. त्याला नव्या बसवर पगारी ड्रायव्हर म्हणून घ्या, जुन्या गाडीचे रास्त पैसे हातात द्या, त्र्यंबक रोडवरचा त्याचा वीस वर्षांचा अनुभव वापरा, असली भाषा बैठकीत निघाली की लगेच चहा मागवा.

गाडीच्या तब्येतीची चिंता करू नका. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, आणि पासिंगच्या दिवशी खटारा नव्या नवरदेवासारखा दिसतो. सगळे दिवे लागतात. हॉर्न सोडून बाकीचे भाग वाजायचे थांबतात. दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत.

आणि एवढं करूनही तुमच्या कॉलनीत वेळेवर येणारी, स्वच्छ, विजेवरची बस सुरू झालीच, तर तिच्या स्वागताला जरूर जा. नारळ फोडा, फोटो काढा, फोटोत पहिल्या रांगेत राहा. मग थांब्याच्या बरोबर समोर आपली गाडी लावून दूध आणायला जा. बसवाल्यानं हॉर्न मारला तर हात वर करून सांगा, "दोनच मिनिटं, भाऊ."