कांदे चिरायला येशील का?

दर रविवारी चर्चमध्ये उपासना संपताना पाळक आशीर्वाद देतात, त्यात 'पवित्र आत्म्याची सहभागिता तुम्हा सर्वांसह असो' असे शब्द येतात. पुण्याला आल्यावर पहिली दोन वर्षं त्या शब्दांपर्यंत माझा हात पर्सवर आणि लक्ष रिक्षाकडे असायचं. घरी सासूबाई, त्यांना स्मृतिभ्रंश. शेजारणीला दीड तासाच्या बोलीवर बसवून आलेली असायचे. 'आमेन' झालं की पळ.

चर्चमधल्या बायकांच्या भगिनी मंडळावर तर मी कधीच फुली मारली होती. नगरला आईचं मंडळ लहानपणी बघितलेलं. नाताळच्या साडीचा रंग ठरवायला अर्धा तास, प्रार्थनेला दहा मिनिटं, उरलेला वेळ कुणाच्या तरी सुनेला.

मग हंगामाच्या सणाआधी (पिकासाठी देवाचे आभार मानायचा चर्चमधला सण) मंडळातल्या एक मावशी गेटपाशी आडव्या आल्या. 'प्रार्थनेला ये' असं काही म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, "अगं, शनिवारी कांदे चिरायला येशील का? दहा किलो आहेत, आणि माझा मनगटाचा सांधा गेलाय." प्रार्थनेला सबब सांगता येते, कांद्याला सुचली नाही.

चिरून झाल्यावर, हातांना वास तसाच, बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचायला घेतला. मवाबातून नामी परत येते. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. बेथलेहेमच्या बायका विचारतात, ही नामीच का? ती म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. (मारा म्हणजे कडू. संडेस्कूलमध्ये आम्हाला वाटायचं, ही बाई स्वतःहून मार का मागतेय!) वर देवालाच बोल लावते: भरलेली गेले होते, त्यानं रिकामी आणली. प्रवचनात आपण इथून झटकन तिच्यासोबत आलेल्या सुनेच्या, रूथच्या निष्ठेकडे वळतो. मावशी वळल्या नाहीत. "बघा," म्हणाल्या, "एक तरी बाई तिला म्हणते का, असं बोलू नये, आभार मान?" खरंच, कुणीच म्हणत नाही. आणि चौथ्या अध्यायात नामीच्या मांडीवर नातू येतो, तेव्हा त्याचं ओबेद हे नाव ठेवतात शेजारच्या बायकाच. तिचं कडू बोलणं ऐकूनही कुणी तिला टाळलेलं दिसत नाही.

मी बोलून गेले. म्हटलं, मला सासूबाईंचा वीट आलाय. त्या रात्री तीनला उठून मला चोर म्हणतात, आणि कधी कधी मनात येतं, की सुटाव्यात. बोलले आणि जीभ चावली. साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची सवय आपल्याला कशी, तर आजार आला, प्रार्थना केली, बरं वाटलं. मधलंच कुणी उभं राहून सांगत नाही.

कुणी बायबलमधलं वचन काढलं नाही. एकीनं विचारलं, "घास थुंकतात का? माझी आई थुंकायची. पातळ खिचडी दे, आणि हातात एक चमचा त्यांनाही धरू दे." मंगळवारी तीच दुपारी दोन तास बसायला आली. मला म्हणाली, जा, झोप. मी झोपले.

म्हणून मंडळाला 'चर्चचं केटरिंग खातं' म्हणणाऱ्या पुरुषमंडळींचा मला राग येतो. चहा-पोहे हवेत, हिशेब विचारायची वेळ आली की मंडळ आठवतं, आणि एरवी हसायला. पण आमचंही सगळं गोड नाही. सभा बुधवारी चारला असायची. नोकरी करणारीनं यायचं कधी? ती वेळ हलवायला आम्हाला आठ महिने भांडावं लागलं. नवरा सोडलेली एक बाई दोनदा आली, दोन्ही वेळा तिला 'साहेब काय करतात' हेच विचारलं, तिसऱ्यांदा ती आली नाही. तिची गोष्ट आली की आम्ही सगळ्या अजून खाली बघतो.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी महिलांचा जागतिक प्रार्थना दिवस असतो. दरवर्षी वेगळ्या देशातल्या बायका उपासना लिहितात. २०२५ साली कुक बेटांच्या बायकांनी लिहिली, स्तोत्र १३९ वरून. ही बेटं नकाशात शोधताना आमची निम्मी सभा गेली. मावशींचं मत, पॅसिफिकमध्ये एवढ्या लांब राहून त्या आपल्यासाठी लिहितात, तर आपल्याला कोथरूडहून यायला काय होतं!

गेल्या महिन्यात एक नवी मुलगी मागच्या बाकावर बसलेली दिसली. आशीर्वाद सुरू होताच तिचा हात पर्सकडे गेला. हंगामाचा सण पुन्हा आलाय, यंदा कांदे बारा किलो आहेत. या रविवारी तिच्या आधी गेटपाशी पोचायचं आहे मला.