‘कडक हेडसर’वाल्या मेसेजला उत्तर

‘हेडसर कडक असतील तरच मास्तर कामाला लागतात’ हा चार मुद्द्यांचा मेसेज कोल्हापुरातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतोय. काल तो वहिनींना त्यांच्या मुख्याध्यापकांनीच धाडला. आता गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा: हुकूमशाहीत काम जास्त होतं, हे म्हणे कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं सिद्ध केलंय. अर्धंच वाचलंय. लेविन, लिपिट आणि व्हाइट यांचा तो प्रयोग १९३९ साली अमेरिकेत छापून आला. त्यात दहा वर्षांची मुलं होती, शिक्षक नव्हते. हुकूम सोडणारा नेता समोर असताना निमूट ऐकणाऱ्या गटातली मुलं ७४ टक्के वेळ कामात होती, हे खरं. तो बाहेर गेला की आकडा आला २९ वर. विचारविनिमयानं चालणाऱ्या गटात मात्र ५० चे ४६ झाले, एवढंच. आता शाळेत बघा: दहा वर्ग एकदम भरतात, मुख्याध्यापक एकच. म्हणजे शिक्षकाचं जवळपास सगळं शिकवणं साहेब समोर नसतानाच होतं. नुसतं मोकळं सोडणारा मुख्याध्यापकही कामाचा नाही, एवढं मान्य.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक: उशिरा येणाऱ्याचं नाव परिपाठात, मुलांसमोर घ्या. पावसाळ्यात गगनबावडा रस्त्यावर पाणी आलं की एसटी अडकते, त्यात मास्तरांचा काय दोष? आणि ज्याची पोरांसमोर शोभा झाली, त्यानं लगेच त्याच पोरांना कुठल्या तोंडानं शिकवायचं? असा शिक्षक पुढं दिसेल तेवढंच करतो: टाचण वही (पाठाची तयारी लिहायची वही) भरलेली, फलक सजवलेला, वर्गात मात्र नुसतं ‘उत्तरं उतरवून घ्या’. वेळ पाळायलाच हवी. पहिल्या तासाला वर्ग मोकळा राहिला तर नुकसान मुलांचंच. पण त्यासाठी ऑफिसात बोलवा, कारण विचारा. एसटीचंच असेल तर पावसाळ्यापुरता त्यांचा पहिला तास गावातच राहणाऱ्या शिक्षकाला द्या आणि बदल्यात त्याचा शेवटचा तास यांना.

तिसरा, बक्षिसांचा. वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन रोजची उमेद टिकत नाही. पुढं जाऊ.

चौथा: अचानक वर्गात शिरा आणि लॉगबुकात, म्हणजे तपासणीच्या नोंदवहीत, शेरा मारा. वर्ग बघायलाच हवा, पण ‘अध्यापनात सुधारणा करावी’ या शेऱ्यावर शिक्षकानं नेमकं करायचं काय? आदल्या दिवशी सांगा. पूर्ण तासिका मागच्या बाकावर बसा. मुलं काय करत होती ते लिहा, जसं ‘वजाबाकीत हातचा घेताना मागची सहा मुलं अडली’. त्याच दिवशी ऑफ तासाला दहा मिनिटं बसून एकच बदल दोघांनी ठरवा, आणि पुढच्या भेटीत फक्त तेवढाच बघा.