ऊन डोळ्यात जातंय, एवढंच म्हणणं आहे माझं

दुपारी कॉम्प्युटरपुढे बसलं की खिडकीतून ऊन थेट डोळ्यात येतं. ब्लाइंड खाली करायचं, बस. दोन सेकंदांचं काम. आज त्यात वीस मिनिटं गेली, तीही मीटिंग चालू असताना, आणि शेवटी त्या व्हेनेशियनची, म्हणजे आडव्या पट्ट्यांच्या ब्लाइंडची, डावी बाजू खिडकीच्या मध्यावर आली आणि उजवी वरच अडकून बसली. तिरकी. कुणीतरी घाईत टोपी घातल्यासारखी.

ही दोरी सरळ खाली ओढून सोडली की ब्लाइंड खाली येईल असं कुणालाही वाटेल ना? नाही येत. वरच्या पट्टीत एक खटका असतो. दोरी थोडी ओढून एका बाजूला तिरकी नेली की तो सुटतो, दुसऱ्या बाजूला नेली की धरतो. कुठली बाजू कशासाठी, हे कुठेही लिहिलेलं नसतं. आधीच्या घरात आतल्या बाजूला नेली की सुटायचा, म्हणून हात सवयीने तिकडेच जातो, आणि हे महाशय बाहेरच्या बाजूचे निघाले. त्यात दोऱ्या दोन-तीन, खाली एकाच गोंड्यात बांधलेल्या. त्यातली एक जरा सैल पडली की झाली टोपी तिरकी! मग सगळं परत वर ओढा, सगळ्या दोऱ्या एकसारख्या ताणून धरा आणि पुन्हा सुरुवात करा. शेजारी ती काचेसारखी दांडी लोंबत असते, ती फक्त पट्ट्या फिरवायला. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी तीच ओढतो. एकाने उपटून माझ्या हातात दिली आणि वर म्हणाला, "निघालीच की ही."

बरं, एका प्रकाराचं गणित शिकावं, तर पुढच्या खोलीत दुसरा प्रकार. बेडरूममध्ये स्प्रिंगचं रोलर आहे, म्हणजे वरच्या दांड्यावर गुंडाळलं जाणारं कापडी ब्लाइंड. १८६४ साली स्टुअर्ट हार्टशॉर्न नावाच्या अमेरिकन माणसाने त्याचं पेटंट घेतलं, म्हणजे सुधारणा करायला दीडशेहून जास्त वर्षं मिळाली आहेत. तरी ते अजून दोनच गोष्टी करतं: थांबत नाही, किंवा सुटत नाही. याचं कारण मी मुद्दाम शोधून वाचलं. रोलरच्या टोकाला छोट्या खिट्ट्या असतात. रोलर हळू फिरला की खिट्टी पडून दात्यात अडकते, वेगात फिरला की ती बाहेर फेकलेलीच राहते. म्हणजे थांबवायचं असेल तर मांजराला झोपवावं तसं हळूच सोडायचं, आणि वर पाठवायचं असेल तर छोटासा हिसका देऊन लगेच ढील द्यायची. बाई झोपेतून उठलीय, सकाळचे सहा वाजलेत, तिला कुठून येणार हा नाजूकपणा? हिसका जास्त झाला की ते फटाककन वर जातं, आणि खालची पट्टी दोन गरके मारून भिंतीला थपडा देते. सगळं घर जागं.

मण्यांच्या साखळीचं रोलर त्यातल्या त्यात शहाणं. पुढची बाजू ओढा, मागची ओढा, कुठल्यातरी एकीने खाली येतंच. पण त्या साखळीचा फास लोंबता असतो, आणि लहान मुलाच्या गळ्याला तो खरंच फास लागू शकतो. यात विनोद नाही. ती साखळी ताणून भिंतीला क्लिपने अडकवायची असते. आमच्या घरी बसवणाऱ्याने क्लिप पाकिटातच ठेवली आणि पाकीट खिडकीवर ठेवून निघून गेला. अमेरिकेत २०१८ च्या सुरक्षा मानकानंतर दुकानातली तयार ब्लाइंड्स बहुतेक बिनदोरीची झाली, ते बरंच झालं. बिनदोरीचं म्हणजे खालची पट्टी धरून ओढायचं. खिडकी सोफ्याच्या मागे असेल आणि तुमची उंची माझ्याएवढी असेल तर ओढा मग, सोफ्यावर चढून.

व्हर्टिकलबद्दल बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. उभ्या पट्ट्या आधी काटकोनात वळवायच्या, मगच बाजूला सरकवायच्या. हा क्रम चुकला की त्या एकमेकींत घुसतात आणि वरचा प्लास्टिकचा हुक तुटतो. आमच्याकडच्या दोन पट्ट्या आता कपाटामागे उभ्या आहेत.

"मोटरवालं घे की," असं सांगणाऱ्यांनी कृपया दूर राहावं. ऑफिसात आहे ते. रिमोट कधीच जागेवर नसतो, सापडला तर सेल संपलेला, आणि सेल घातला तर शेजारच्या खिडकीचं ब्लाइंड खाली येतं.

तर सध्या ते तिरकं व्हेनेशियन तसंच आहे. मी टेबल फिरवून घेतलं, आता खिडकी पाठीशी. ऊन डोळ्यात जात नाही. फक्त मीटिंगमध्ये कॅमेऱ्यात मी नुसती काळी सावली दिसते, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारतं, "अगं, मागचं ब्लाइंड खाली करतेस का जरा?"