भीती वाटली म्हणजे विश्वास कमी पडला?

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसले होते. आई आत. हातातल्या फाईलचं प्लास्टिक घामाने बोटांना चिकटत होतं. चर्चच्या मंडळीतले एक बंधू भेटायला आले, प्रार्थना केली आणि म्हणाले, "ताई, विश्वास आहे ना? मग घाबरायचं कशाला?" माणूस चांगला, हातातलं काम टाकून आला होता. पण माझी भीती होती तिथेच राहिली, वर आपण प्रभूला कमी पडलो ही टोचणी लागली.

त्या रात्री बायबलमधलं ५६वं स्तोत्र उघडलं. त्याच्या माथ्यावर लिहिलंय की पलिष्ट्यांनी, म्हणजे इस्राएलच्या शत्रूंनी, दावीदाला गथात धरलं, तेव्हाचं हे. (स्तोत्रांचे मथळे आपण वाचतच नाही. मीही नाही.) गथ म्हणजे दावीदाने गोफणीने पाडलेल्या त्या धिप्पाड गल्याथाचं गाव! १ शमुवेल, अध्याय २१ काढा. शौल राजाच्या भीतीने पळणारा दावीद नोबच्या याजकाकडून गल्याथाचीच तलवार घेतो आणि नेमका गथला जाऊन पोचतो. तिथे लोक त्याला ओळखतात. तो आखीश राजाला फार भ्यायला, असं वचनात सरळ लिहिलंय. मग वेड्याचं सोंग घेतो, वेशीच्या दारांवर रेघोट्या ओढतो, दाढीवर लाळ गाळतो. संडे स्कूलमध्ये मुलांना आपण गोफणवाला दावीद रंगवायला देतो. हा लाळ गाळणारा कधी दिलाय?

आणि तोच या स्तोत्रात म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. त्या 'तेव्हा'पाशी मी कितीतरी वेळ अडून बसले. भीती गेल्यावर ठेवीन, असं तो म्हणत नाही.

आता कुणी म्हणेल, "भिऊ नको" ही तर देवाची आज्ञाच आहे. आहेच. पण यशया ४१:१० मध्ये तिच्यापुढे कारण दिलंय, मी तुझ्याबरोबर आहे. काही वाईट होणारच नाही, असा शब्द तिथे नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तर प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला, हा प्याला टळो म्हणाला, तिघा शिष्यांना जवळ जागं राहायला सांगितलं. तेही झोपले! त्याला कुणी अल्पविश्वासी म्हणेल का?

आई बरी झाली म्हणून हे लिहीत नाहीये. ती अजून आयसीयूतच आहे. रात्री मला लांबलचक प्रार्थना सुचत नाही, दावीदाची ती एक ओळ तेवढी पुटपुटते. छाती धडधडतच असते.

काल ते बंधू पुन्हा आले. या वेळी मी सांगून टाकलं, "भीती वाटतेय हो." ते शेजारी बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आमची ही आत होती ना, तेव्हा मी तीन रात्री डोळा मिटला नव्हता."