चार रुपये आणि पंचावन्न कोटी

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर जानेवारीच्या शेवटी एक मेसेज न चुकता येतो. पाठवणारा माझा चुलतभाऊ. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, आकडा मात्र तोच. गांधींनी उपोषण करून पाकिस्तानला ५५ कोटी द्यायला लावले, म्हणूनच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. खाली दोन संतापलेले चेहरे. इतकी वर्षं मी गप्प बसायचो, कारण दादा वयानं मोठा आणि लग्नकार्यात पंगतीला शेजारीच बसावं लागतं. यंदा मात्र लिहिलं. तिथं चार ओळी लिहिल्या, इथं जरा ऐसपैस लिहितो.

आधी स्वतःबद्दल. मी जन्मभर सहकारी संस्थांची दप्तरं तपासली. कीर्द, खतावणी, व्हाउचर, शिल्लक. कोणी मोठ्या आवाजात आकडा फेकला की माझं पहिलं बोट व्हाउचरच्या फाइलकडे जातं, त्याला इलाज नाही. गांधीभक्त मी नाही. आमच्या घरात त्यांचा फोटो कधी नव्हता आणि वडील त्यांचं नाव निघालं की पानाचा डबा उघडायचे. निवृत्तीनंतर मी गांधी वाचायला लागलो ते या माणसानं पैशाचं काय केलं हे बघायला. महात्मा वगैरे ठरवणं माझं काम नाही. दप्तर बघता येतं, तेवढं बघितलं.

आणि दप्तर, मित्रहो, बघण्यासारखं आहे.

लंडनला बॅरिस्टरी शिकताना हा पोरगा बसचं भाडं, टपालाची तिकिटं, वर्तमानपत्रावर गेलेली दोन नाणी, सगळं लिहून ठेवायचा आणि रात्री झोपण्याआधी शिल्लक जुळवायचा. १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेस काढली तेव्हा वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला पावती. आत्मकथेत ते लिहितात की १८९४ च्या हिशोबाच्या वह्या आजही त्या संस्थेच्या दप्तरात शाबूत सापडतील. त्याच प्रकरणात पुढे म्हणतात की हिशोब चोख नसेल तर सत्य निर्मळ राखणं अशक्य आहे. सत्य हा शब्द मी हजारदा ऐकलाय, कीर्तनात, प्रचारसभेत, शपथेवर. त्याला जमाखर्चाच्या वहीशी बांधणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. आमच्या खात्यात हे वाक्य भिंतीवर लावलं असतं तर निम्म्या सचिवांनी रजा टाकली असती.

आता अवघड नोंद. १९०१ मध्ये आफ्रिका सोडताना लोकांनी भेटी दिल्या, त्यात कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. गांधींना रात्रभर झोप लागली नाही. सार्वजनिक कामाचा मोबदला घ्यायचा कसा? त्यांनी सगळ्याचा ट्रस्ट करायचं ठरवलं. आधी मुलांना पटवलं, मग बायकोकडे गेले. (हा क्रम बघून ठेवा. वकिलाचा आहे.) बा म्हणाल्या की उद्या सुना येतील, त्यांना काय घालू? आणि माझ्या हारावर तुमचा हक्क कसा? तुमच्या सेवेत माझीही सेवा आहे, रात्रंदिवस मी राबलेय. हे सगळं आपल्याला माहीत आहे ते गांधींनीच लिहून ठेवलं म्हणून. हार ट्रस्टमध्ये गेलाच. पण ऑडिटर म्हणून सांगतो, बांचा आक्षेप बिनतोड होता. त्यांच्या श्रमाची नोंद कुठल्याच खात्याला नव्हती.

याहून कडू नोंद १९२९ ची. साबरमती आश्रमाचा नियम असा की मिळालेली भेट कचेरीत जमा करायची. कस्तुरबांना कोणी चार रुपये दिले, ते त्यांनी स्वतःकडे ठेवले. त्याआधीही असेच शे-दोनशे रुपये ठेवले होते. गांधींनी काय करावं? 'नवजीवन'मध्ये लेख लिहिला. सगळ्या गुजरातला कळलं की गांधींच्या बायकोनं चार रुपये जमा केले नाहीत. त्याच लेखात आश्रमातल्या सख्ख्यासारख्या पुतण्याची अफरातफरही उघड केली. पुतण्याचं मी समजू शकतो. पण साठीला टेकलेल्या, आयुष्यभर स्वतःच्या हातात पैसा न आलेल्या बाईला चार रुपयांवरून छापून काढणं मला क्रूर वाटतं. माझ्या बायकोला हे वाचून दाखवलं तर ती एवढंच म्हणाली, "तिला ते कशाला हवे होते, ते विचारलं का कुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती स्वतःचे साठवलेले पैसे किराणाच्या कुठल्या डब्यात ठेवते हे मला छत्तीस वर्षांनी माहीत झालं.

तरीही त्या लेखाची दुसरी बाजू आहे. मी तपासलेल्या संस्थांमध्ये चेअरमनच्या घरच्यांकडे असलेली येणी कायम 'तडजोडीत'. थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लागायची ती लहान शेतकऱ्यांची. इथं उलटं आहे. यादीत पहिलं नाव घरातलं.

पुढच्याच वर्षी, २ मार्च १९३० ला, त्यांनी व्हाइसरॉय आयर्विनना पत्र पाठवलं. मिठाचा सत्याग्रह सगळ्यांना पाठ आहे, १२ मार्चला साबरमती, ५ एप्रिलला दांडी, २४१ मैल, ६ ला मीठ. पत्र फार कोणी वाचत नाही. त्यात सरळ हिशोब आहे. तुमचा पगार महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७००. हिंदुस्थानी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी. तुम्ही त्याच्या पाच हजार पटींहून जास्त घेता. मी कागदावर करून बघितलं. सातशे रुपयांचे ११,२०० आणे, भागिले दोन, ५,६००. बरोबर आहे.

आणि मग २९ मार्चला, दांडी आठवड्यावर असताना, सुरत जिल्ह्यातल्या भाटगावला ते आपल्याच माणसांवर घसरले. रात्रीच्या अंधारात एका मजुराच्या डोक्यावर जड किटसन बत्ती देऊन त्याला घाईनं पळवलं जात होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. सत्याग्रहींसाठी दूध सुरतेहून मोटारीनं येत होतं. त्या सभेत ते म्हणाले त्याचा आशय असा: देशातल्या माणसाच्या रोजच्या सात पैशांच्या पन्नास पट खर्च आपल्यावर होत असेल, तर व्हाइसरॉयच्या पगारावर बोट ठेवायचा मला काय अधिकार? जगभरचे बातमीदार पाठीमागे, सरकार कधीही पकडणार, आणि हा गृहस्थ भरसभेत स्वतःच्याच यात्रेचं ऑडिट करतोय. अहिंसा म्हणजे गाल पुढं करणं एवढंच आपल्याला शिकवलं. मला त्या बत्तीच्या ओझ्यात ती जास्त दिसते. समोरच्यावर उगारायचं ते माप आधी स्वतःला लावायचं, चारचौघांत लावायचं, आणि त्यानं चळवळीची फजिती होईल म्हणून थांबायचं नाही. तुरुंग सोसणारे पुष्कळ होते. हे करणारे फार नाहीत.

माझ्या धंद्यातला एक माणूस त्यांना मिळाला होता, जे. सी. कुमारप्पा. विलायतेत शिकलेला हिशोबनीस, मुंबईतली चालती प्रॅक्टिस सोडून आलेला. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधीचा हिशोब त्याच्याकडे. गांधी आपली माणसं घेऊन पाटण्याला आले तर कुमारप्पांनी सांगितलं, तुमच्या लवाजम्याचा खर्च या निधीतून मिळणार नाही. आणि गांधींनी ते मान्य केलं. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात दोन फेऱ्या मारल्या. एका बड्या संस्थेच्या अध्यक्षांची सहल मी नामंजूर केली होती, त्याची बक्षिसी म्हणून तीन वर्षं कुठं काढली ते माझं मला ठाऊक.

सगळं जुळतं का? नाही. १९३२ चा सप्टेंबर जुळत नाही. अस्पृश्यांना मिळालेल्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधी येरवड्यात २० तारखेला आमरण उपोषणाला बसले आणि २४ ला पुणे करार झाला. राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या हे खरं. पण स्वतंत्र मतदारसंघ गेले, आणि समोर माणूस मरणाला टेकलेला असताना बाबासाहेबांपुढे सही न करण्याचा पर्याय कितीसा उरला होता? नंतर हरिजन दौऱ्यात गांधींनी जिवाचं रान केलं, सवर्णांच्या शिव्या खाल्ल्या, हेही नोंदीला आहे. दोन्ही रकमा मोठ्या आहेत आणि एकीतून दुसरी वजा होत नाही. मी ती नोंद सस्पेन्सला, म्हणजे न जुळलेल्या रकमांच्या खात्याला, टाकून ठेवलीय. कोणाला जुळवता आली तर कमेंटमध्ये सांगा, शिवीगाळ न करता.

आता दादाचे ५५ कोटी.

फाळणीत रोख शिलकीतला पाकिस्तानचा वाटा ७५ कोटी ठरला. २० कोटी आधीच दिले होते, बाकी ५५. डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही सरकारांचा त्यावर करार झाला. नंतर काश्मीरच्या लढाईमुळे भारत सरकारनं रक्कम अडवली. सरकारची अडचण खोटी नव्हती, लढाई चालू असताना समोरच्याच्या हातात पैसे कोण देईल? पण वहीच्या भाषेत ते दान नाही, खंडणीही नाही. सही केलेलं देणं आहे.

उपोषण जाहीर झालं १२ जानेवारी १९४८ ला. सोमवार, मौनाचा दिवस, म्हणून लिहिलेलं निवेदन वाचून दाखवलं गेलं. त्यात ५५ कोटींचा उल्लेख नाही. दिल्लीत मुसलमानांची कत्तल झाली होती, मशिदी बळकावल्या होत्या, घरं निर्वासितांनी भरली होती आणि ते निर्वासितही होरपळूनच आलेले होते. १३ ला उपोषण सुरू झालं. १५ ला सरकारनं रक्कम द्यायचा निर्णय जाहीर केला. निर्णयामागे उपोषणाचं दडपण होतं, ते नाकारू नये. गांधींनी निर्णयाचं स्वागतही केलं. पण उपोषण सुटलं १८ ला. मधले तीन दिवस, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा कशासाठी उपाशी होता? पैसे तर सुटले होते. तो थांबला होता दिल्लीतल्या सगळ्या पक्ष-पंथांच्या पुढाऱ्यांच्या सह्यांसाठी: मेहरौलीच्या दर्ग्याचा उरूस नेहमीसारखा भरेल, मशिदी परत मिळतील, सब्जी मंडी, करोल बाग, पहाडगंज इथं मुसलमान निर्धास्त फिरतील, त्यांच्यावर बहिष्कार नसेल. सह्या झाल्या तेव्हा मौलाना आझादांच्या हातून त्यांनी रस घेतला. २७ ला स्वतः त्या उरसाला जाऊन आले. तिसऱ्या दिवशी गोळ्या.

आणि दादा, गांधींवर पुण्यात बॉम्ब पडला तो २५ जून १९३४ ला. तेव्हा पाकिस्तान नव्हतं, ५५ कोटी नव्हते. होता तो अस्पृश्यतेविरुद्धचा दौरा. रक्कम नंतर लिहायची आणि तारीख मागची टाकायची, हा प्रकार आम्ही दप्तरात लगेच ओळखतो.

ग्रुपवर मी एवढंच टाकलं होतं: १३ सुरू, १५ पैसे, १८ समाप्त, आणि १९३४. दोन निळ्या खुणा आल्या. वहिनींनी अंगठा दिला आणि पाच मिनिटांनी काढून घेतला. दादाचं उत्तर नाही. परवा सकाळी मात्र त्याच्याकडून शुभ सकाळचा गुलाब आला, दवबिंदूंसकट.