आगबोट काढताय? व्वा!

परवा रविवारी खाडीपलीकडे जायला लॉन्चमध्ये चढलो. लाइफ जॅकेटं नव्हती असं नाही. छताला दोरखंडाने करकचून बांधली होती, वर ताडपत्री, ताडपत्रीवर कोणाची तरी कोंबड्यांची टोपली. एक मागितलं तर तिकीटवाला म्हणाला, "काका, घामाचा वास मारतो त्यांना." तेव्हाच ठरवलं, या धंद्यात पडणाऱ्यांना चार गोष्टी सांगाव्यात. गुरू करायचेच तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले आगबोटवाले करा.

दिव्यांवर खर्च करा. १८८५ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेल्या 'वैतरणा' आगबोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. (प्रवासी बोटीचं नाव वैतरणा! एवढं खरं बोलणारी कंपनी पुन्हा झाली नाही.)

कायदा जरूर पाळा. इंग्लंडात प्लिम्सॉल नावाच्या खासदाराने फार डोकं खाल्लं, म्हणून १८७६ साली बोटीच्या अंगावर रेघ मारणं सक्तीचं झालं. रेघ बुडाली की बोट जास्त भरली. पण रेघ कुठे मारायची? ते मालकाने ठरवायचं! १८९० पर्यंत हे असंच चाललं. आमच्या लॉन्चवरही प्रवासीक्षमतेचा आकडा रंगवलेला होता. त्याला मोटारसायकल टेकवून ठेवली होती.

जीव वाचवायच्या होड्या दोन पुरे. थेम्सवरच्या 'प्रिन्सेस ॲलिस'ला ९३६ प्रवाशांचा परवाना होता आणि होड्या दोनच. १८७८ साली कोळशाच्या बोटीने तिला धडक दिली.

आणि माणसं मोजू नका. कधीच नाही. मांडीवरची पोरं तर नाहीच नाही. ८ नोव्हेंबर १८८८ ला 'वैतरणा' कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वादळात गेली. फळकूटसुद्धा हाती लागलं नाही. किती माणसं होती? कोणी सातशे म्हणतं, कोणी तेराशे. म्हणजे सहाशे माणसं होती की नव्हती, हेच कोणाला ठाऊक नाही! त्यांची आई होती, बाप होता, कोणी धक्क्यावर वाट बघत उभं होतं, आणि त्यांचा हिशेब 'असतील-नसतील'. नंतर चौकशी बसली. होड्या आणि जॅकेटं अपुरी होती, हे तेव्हा उजेडात आलं. बुडाल्यावर!

वास मारतो म्हणे. मग धुवा ना! माणशी पैसे मोजून घेता, माणसं का नाही मोजत?

आणि तुम्ही हसताय काय? मी जॅकेट मागितलं तेव्हा अख्खी लॉन्च हसली. "काका घाबरले!" हो, घाबरलो. फोटो नंतर काढा. आधी उठा, ती टोपली उतरवा, दोरी सोडा आणि मांडीवरच्या त्या पोराला जॅकेट घाला.